चित्रावरचे रोगण

चित्र पाहणारा माणूस रंग पाहतो, रेघ पाहतो, कोपऱ्यातली सही शोधतो. चित्रावरचे रोगण मात्र कोणी पाहत नाही. ते दिसू नये म्हणूनच तर दिलेले असते. तरीही पन्नास वर्षांनी त्या चित्राचे काय उरणार, हे ठरवण्यात रंगाइतकाच त्या न दिसणाऱ्या थराचा हात असतो. भिंतीवरच्या चित्राच्या बाबतीत हे सावकाश कळते. पण ज्या चित्राला रोज माणसाचा घाम, नख आणि कोपर लागते, त्याचा निकाल पाच-दहा वर्षांतच लागतो. गिटारवर काढलेले चित्र हे असे चित्र आहे.

दिवाळी अंकात गिटार कुठून आली, असे काही वाचक म्हणतील. आपल्या भागाला ती परकी नाही. बेळगावातून रेल्वेने वर गेले की मिरज लागते आणि घाट उतरून खाली गेले की गोवा. मिरजेचा तंबोरा आणि गोव्याची गिटार ही दोन्ही वाद्ये आपल्याकडे एकाच गल्लीत ऐकू येतात. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. मुलांना रंग कसा लावावा ते शिकवले, पण लावलेला रंग टिकवावा कसा हा धडा अभ्यासक्रमात नव्हता. तो मला निवृत्तीनंतर पॉलिशवाल्यांच्या संगतीत आणि वाद्यांच्या इतिहासात सापडला. तो इतिहास एका जुन्या आणि ओळखीच्या शब्दापासून सुरू होतो.

तो शब्द म्हणजे लाख. संस्कृतात लाक्षा. पांडवांना जाळण्यासाठी बांधलेले लाक्षागृह आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणारा एक बारीक किडा स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतो. ते खरवडून, वितळवून, गाळून त्याचा पातळ पापुद्रा केला की चपडा तयार होतो. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की रोगण झाले. इंग्रजीत ज्याला लॅकर म्हणतात तो शब्दही या लाखेपासूनच, अनेक भाषांचा प्रवास करून आलेला आहे. या किड्याचे आणि राळेचे महत्त्व एवढे होते, की १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेवर संशोधन करणारी स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये अंतोनियो दे तोरेस या कारागिराने आजच्या गिटारचा घाट पक्का केला. त्या काळच्या उत्तम गिटारींवर हीच लाख चढत असे. कापडाच्या बोळ्यात पातळ द्रावण घ्यायचे, तेलाचा एखादा थेंब लावायचा आणि गोल गोल हात फिरवत शेकडो वेळा घासायचे. यालाच आपले सुतार फ्रेंच पॉलिश म्हणतात. नाव फ्रान्सचे, पण त्यातला चपडा मुख्यतः हिंदुस्थानातला. मिरजेच्या वाद्यकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी-तंबोरे करायला सुरुवात केली. त्यांच्या भोपळ्यावरच्या वेलबुट्टीवर आणि दांडीवरच्या नक्षीवर चढणारे पॉलिशही लाखेचेच. इकडे सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी गंजिफाच्या गोल पानांवर दशावतार रंगवले आणि ती पाने हाताळून खराब होऊ नयेत म्हणून त्यांनीही लाखेचाच आधार घेतला. गिटार, तंबोरा आणि गंजिफा या तीन वेगळ्या जगांतल्या वस्तू. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे हाताळल्या जाणाऱ्या रंगावर दिलेला राळेचा थर.

लाखेचा एक मोठा गुण आहे आणि एक मोठा दोष. दोष असा की ती नाजूक. घाम, उष्णता आणि सांडलेले मद्य तिला सोसत नाही. गुण असा की ती दुरुस्त होते. जुन्या थरावर नवा हात दिला की स्पिरिटने जुना थर किंचित विरघळतो आणि नवा त्यात मिसळतो. जोड राहत नाही. म्हणून लाखेचे वाद्य दर काही वर्षांनी पुन्हा पॉलिशला जायचे, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. रोगण हे कायमचे नसते, ते अधूनमधून नवे करायचे असते, ही समजूत त्या व्यवहारात गृहीत होती.

विसाव्या शतकात मोटारगाडीने ही समजूत बदलली. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया केली की स्फोटक कापूस तयार होतो, हे १८४६ साली शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने जाहीर केले होते. त्याच कुळातला, पण सौम्य केलेला नायट्रोसेल्युलोज पुढे रोगणाच्या कामी आला. ड्यूपाँट कंपनीने त्याचे ‘ड्यूको’ हे रोगण काढले आणि १९२३-२४ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या त्यात निळ्या रंगवून बाजारात आल्या. तोपर्यंत गाडी रंगवून वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. ते काम काही दिवसांवर आले. आपल्याकडे फर्निचरवाले अजूनही ‘ड्यूको मारून देतो’ म्हणतात, तो शब्द तेव्हाचा. याच दशकात अमेरिकेतल्या मार्टिन आणि गिब्सन या गिटार कंपन्याही लाख सोडून नायट्रोसेल्युलोजकडे वळल्या. पुढे फेंडर कंपनीने तर गिटारींना थेट मोटारींचेच रंग दिले.

हे नवे रोगणही लाखेसारखेच थिनर उडून वाळणारे. त्यामुळे वरचा हात खालच्या हातात मुरतो आणि दुरुस्ती शक्य राहते. पण त्याला एक खोड आहे. उजेडाने आणि वयाने ते पिवळे पडते. पांढऱ्या गिटारी साय धरल्यासारख्या होतात आणि निळ्या गिटारी हिरवट. निळ्यावर पिवळी काच धरली की हिरवे दिसणारच, हे चौथीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण इथे ती काच आपणच चढवलेली असते आणि ती उतरवता येत नाही. शिवाय लाकूड थंडी-उन्हात आकसते, फुगते. रोगण म्हातारपणी कडक झालेले असते, त्याला ती ओढाताण झेपत नाही. मग तळ्याच्या कोरड्या गाळासारख्या बारीक भेगा पडतात. जुन्या गिटारींचे शौकीन या भेगांवर जीव टाकतात. खाली चित्र असेल तर मात्र प्रत्येक भेग चित्राला चिरत जाते.

हे सगळे पणाला लागले ते १९६७ साली. त्या वर्षी लंडनमध्ये गिटारी रंगवण्याची लाट आली. एरिक क्लॅप्टन तेव्हा क्रीम या त्रिकुटात वाजवत होता. त्याची १९६४ची गिब्सन एसजी गिटार मारायके कोगर आणि सायमन पोस्टुमा या डच चित्रकारांनी रंगवली. त्यांच्या गटाचे नाव ‘द फूल’, म्हणून गिटारचेही तेच नाव पडले. पांढरे अस्तर देऊन त्यावर ब्रशने तेली इनॅमलचे रंग लावले. कुरळ्या केसांचा देवदूत, तारे, ज्वाळा, डोंगर. दांडीची मागची बाजूसुद्धा सोडली नाही. मार्च १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात ही गिटार लोकांसमोर आली आणि लगेच प्रसिद्ध झाली.

पण दांडीच्या मागे वाजवणाऱ्याचा अंगठा सतत सरकत असतो. तिथला रंग टिकणे शक्यच नव्हते. क्लॅप्टनकडून ती जॉर्ज हॅरिसनकडे, तिथून जॅकी लोमॅक्सकडे आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला टॉड रंडग्रेन या अमेरिकन संगीतकाराकडे गेली. त्याने ती पाचशे डॉलरना घेतली असे सांगतात. तोवर तिचा रंग ठिकठिकाणी उडाला होता आणि डोक्याकडचे लाकूडही खराब झाले होते. रंडग्रेनने लाकूड दुरुस्त करून घेतले, गेलेले रंग पुन्हा भरून घेतले आणि वर पारदर्शक थर देऊन चित्र बंद केले. आज आपण जे चित्र पाहतो ते त्या थराखालचे, म्हणजे थोडे १९६७चे आणि थोडे नंतरच्या हातांचे. २००० साली ती सुमारे दीड लाख डॉलरना विकली गेली आणि नोव्हेंबर २०२३ मधल्या लिलावात तिला १२ लाख ७० हजार डॉलर आले. रंग उडत असतानाच त्यावर रोगण चढले नसते तर त्या लिलावात देवदूत किती उरला असता, कोण जाणे.

त्याच वर्षी जॉर्ज हॅरिसनने स्वतःची फिकट निळी स्ट्रॅटोकास्टर चमकत्या, भडक डे-ग्लो रंगांनी रंगवली. डोक्यावर तर पत्नी पॅटी बॉइडचे हिरवे नेलपॉलिश लावले. २५ जून १९६७ला उपग्रहावरून अनेक देशांत एकाच वेळी दाखवलेल्या कार्यक्रमात बीटल्स गायले, तेव्हा ही ‘रॉकी’ त्याच्या हातात होती. त्या वेळी प्रक्षेपण मात्र कृष्णधवल होते. एवढे रंग लावले आणि जगाने ते करड्या छटांत पाहिले. डे-ग्लोसारखे रंग उजेडानेच मरतात. त्यांच्यावर कितीही स्वच्छ रोगण द्या, उजेड आरपार जातो आणि रंग फिका होतोच. रोगण घाम अडवते, ओरखडा अडवते. सूर्य अडवणे तितके सोपे नाही.

जॉन लेननची गोष्ट तिसरीच. त्याची गिब्सनची जे-१६०-ई ही गिटारही १९६७ साली द फूल गटाने रंगवली. वर्षभरात त्याने ते सगळे चित्र खरवडून लाकूड उघडे केले. १९६८ साली बीटल्स ऋषिकेशला गेले होते. तिथे सोबत असलेल्या डोनोव्हन या गायकाने रोगण काढल्यास गिटार मोकळी वाजते असे सुचवल्याचे सांगतात. लेनन आणि हॅरिसन या दोघांनी आपापल्या एपिफोन कॅसिनो गिटारींवरचे रोगणही काढले. लाकडाला श्वास घेता येतो, असे हॅरिसनचे मत होते. पुढे १९६९ मध्ये लेननने त्या उघड्या लाकडावर स्वतःची आणि योकोची साधी रेखाचित्रे काढली. एकाच गिटारवर तीन वर्षांत एक चित्र आले, गेले आणि दुसरे आले. जिवंत माणसाच्या हातातली वस्तू अशीच बदलते. ती त्याची होती आणि खरवडण्याचा अधिकारही त्याचाच होता. प्रश्न उभा राहतो तो चित्रकार हयात नसताना खरवडपट्टी करायची तेव्हा.

मोठ्या कंपन्यांनी ही लाट कारखान्यात आणली. १९६८ साली फेंडरने टेलिकास्टर गिटारवर भिंतीला लावायचा चकचकीत, पाठीमागून चिकट असलेला फुलाफुलांचा कागदच लावला. एक गुलाबी कोयरीचा, दुसरा निळ्या फुलांचा. ती कोयरी मूळची आपल्याकडच्या शालींवरची, काश्मीरहून विलायतेला गेलेली. बॉडीच्या पुढे-मागे कागद, कडेला जुळता रंग फवारून कागदाची धार लपवलेली आणि या सगळ्यावर पारदर्शक थर. एल्विस प्रेस्लेचा गिटारवादक जेम्स बर्टन याच्या हाती हीच गुलाबी गिटार पुढे गाजली. पण कागद, त्याखालचे लाकूड आणि वरचा थर यांचे आकसणे-फुगणे एका मापाचे नव्हते. त्या काळच्या मूळ गिटारींवर आज वरच्या थराला पडलेल्या भेगा सर्रास दिसतात. कागदावरची फुले ताजी आहेत, तडा गेला आहे तो त्यांच्या रक्षकाला.

त्याच सुमारास फेंडरने पॉलिएस्टरचा जाड थर वापरायला घेतला. हा थर थिनर उडून वाळत नाही. रसायनाची क्रिया होऊन तो एकसंध, काचेसारखा कडक होतो. लवकर होतो, चकाकतो, घामाला दाद देत नाही. पण डोक्यावरच्या नावाच्या छापील पट्टीशी त्याचे जमेना. म्हणून दांडीला पॉलिएस्टर आणि डोक्याच्या दर्शनी बाजूला पूर्वीचेच नायट्रो, अशी तडजोड झाली. त्या वर्षांतल्या गिटारींचे डोके पिवळे आणि मान गोरी दिसते ती यामुळे. एका छोट्या चित्रासाठी कारखान्याला दोन रोगणे बाळगावी लागली, यातच या विषयाचे सार आहे. रोगण निवडताना आधी खालच्या चित्राला विचारावे लागते.

म्हणजे काय, ते थोडे कामाच्या भाषेत सांगतो. आज आपल्याकडेही मुले गिटारींवर चित्रे काढतात आणि मग फर्निचरच्या किंवा गाड्यांच्या रंगवाल्याकडे नेतात. पहिला नियम हा की वरच्या थराचे थिनर खालच्या रंगाला विरघळवणारे नसावे. मार्कर पेनची शाई स्पिरिटमध्ये सुटते, म्हणून त्यावर लाखेचा किंवा लॅकरचा ओला हात पडला की रेघा पसरतात. तेली इनॅमल वरून वाळलेला वाटतो, पण आत कित्येक आठवडे कच्चा असतो. त्यावर कडक थिनरचे लॅकर मारले की रंग सुरकुत्या धरतो. म्हणून जाणते कारागीर आधी तशाच रंगाची एक फळी करून तिच्यावर प्रयोग करतात. मग पहिले हात धुक्यासारखे, जवळजवळ कोरडे फवारतात. ते बसले की पुढचे ओले. छापील चित्राची किंवा रंगाची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत हात वाढवतात, मधे बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून घासतात आणि शेवटी दोन हजार नंबरच्या पेपरनंतर पेस्टने चकाकी काढतात. घासताना थर संपून पेपर चित्रावर गेला, की काम संपले.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. पावसाळ्यात लॅकर मारले तर ते दुधासारखे पांढरे पडते. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसतो. कोकणात आणि आपल्या घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हे काम न केलेलेच बरे. तिसरी गोष्ट जिवाची. आज सर्वत्र वापरले जाणारे दोन डब्यांचे पीयू रोगण उत्तम टिकते. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा छातीत गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. बंद खोलीत, उघड्या तोंडाने ते फवारणारी पोरे मी पाहिली आहेत. चित्र वाचवताना माणूस वाचला पाहिजे, हे निराळे सांगायला नको.

आता त्या अधिकाराच्या प्रश्नाकडे येतो. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका बाईंनी आपल्या दिवंगत भावाची गिटार मला दाखवली. तरुणपणी त्याने तिच्यावर समुद्र आणि होड्या रंगवल्या होत्या आणि कोणाकडून तरी लॅकर मारून घेतले होते. समुद्र आता शेवाळी दिसत होता आणि सगळीकडे बारीक भेगा होत्या. एका दुकानदाराने दोन दिवसांत सगळे घासून, वर पीयू मारून नव्यासारखी करून देतो म्हणून सांगितले होते. बाईंचा मुलगा राजी होता. मी त्यांना पिकगार्डचे, म्हणजे नखी लागू नये म्हणून बसवलेल्या प्लास्टिकच्या पट्टीचे, स्क्रू काढायला सांगितले. पट्टीखाली उजेड पोचलेला नव्हता. तिथे तळहाताएवढा समुद्र निळाच होता. बाई बराच वेळ त्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, म्हणजे रंग गेलाच नाही, त्याच्यावरचं बदललंय.”

तेच खरे होते. पण वरचे पिवळे थर थिनरने काढायला गेलो असतो तर थिनर खालच्या रंगालाही घेऊन गेले असते, आणि पेपरने घासले असते तर भावाच्या ब्रशचे फटकारे त्याबरोबर गेले असते. म्हणून आम्ही घासले नाही. जिथे पापुद्रे सुटत होते तिथे लॅकरचा एकेक थेंब सोडला. तो जुन्यात मुरला आणि कडा बसल्या. पिवळेपण तसेच ठेवले. मुलाला वाजवायला दुसरी गिटार घ्यायची ठरली, आणि ही पेटीत, उन्हापासून दूर गेली.

या साऱ्या इतिहासातून मला एक गोष्ट पटली आहे. सर्वांत कडक रोगण ते सर्वांत चांगले, हा कारखान्याचा हिशेब झाला. चित्राच्या दृष्टीने चांगले रोगण ते, जे पुढच्या माणसाला हात घालू देते. लाख नाजूक होती, पण दर पिढीला तिच्यात आपला हात मिसळता येत असे. जे कधी दुरुस्तच करावे लागणार नाही म्हणून चढवले, त्याला तडा गेला की खालच्या चित्रापर्यंत पोचण्याची वाटही तेच अडवून बसते. रोज वाजवायच्या नव्या गिटारवर पीयू खुशाल मारा. पण ज्या वस्तूवर कोणाचा तरी हात उमटलेला आहे आणि तो हात पुन्हा उमटणार नाही, तिथे थांबा, विचारा, फळीवर प्रयोग करा आणि शक्य तितके कमी करा.

आणि एक छोटे काम मात्र आजच करा. घरात अशी रंगवलेली वस्तू असेल, गिटार, तंबोरा, पाट किंवा गंजिफाचा डबा, तर तिच्यासोबत एक चिठ्ठी ठेवा. रंग कोणता, रोगण कोणते, कोणी दिले, कोणत्या वर्षी. आपल्या भागात ती चिठ्ठी मराठीत लिहा आणि खाली कन्नडमध्येही लिहा. पन्नास वर्षांनी ती पेटी कोणता पॉलिशवाला उघडेल आणि तो कोणती भाषा वाचत असेल, हे आपल्याला आज सांगता येत नाही. बाटली उघडण्यापूर्वी त्याने ती चिठ्ठी वाचावी, एवढेच आपल्या हातात आहे.